‘ट्रिंकोमली’, मुंबई १८१७: १:६४ प्रमाणातील लाकडी प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

९ एप्रिल २०२३

जहाज ठरले आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची जलद युद्धनौका, ‘ट्रिंकोमली’ हिची प्रतिकृती करायची आहे. मूळ जहाज आजही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याची असंख्य छायाचित्रे सहज मिळतात, ही सोय मोठी आहे. पण तिच्यात एक अडचणही दडलेली आहे. आज दिसणारे जहाज हे १८१७ चे जहाज नव्हे. १८४५ नंतर त्याच्या पिछाडीचा आकार बदलण्यात आला, तोफांची संख्या २६ वर आणून त्याला कॉर्व्हेट या फ्रिगेटहून लहान युद्धनौकांच्या वर्गात टाकले गेले, पुढे ते प्रशिक्षण जहाज झाले, १८९७ मध्ये भंगारात विकले गेले, तिथून वाचून ‘फूद्रोयाँ’ या नावाने वावरले आणि १९९० ते २००१ या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. म्हणून पहिल्याच नोंदीत स्पष्ट लिहून ठेवतो: ही प्रतिकृती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या जहाजाची आहे, आणि जिथे छायाचित्र व मूळ आराखडा यांत तफावत असेल तिथे आराखडा प्रमाण मानायचा.

प्रमाण १:६४. गनडेकची, म्हणजे तोफांच्या मुख्य मजल्याची, लांबी १५० फूट साडेचार इंच, म्हणजे प्रतिकृतीत ७१६ मिलिमीटर. रुंदी ३९ फूट सव्वाअकरा इंच, म्हणजे १९० मिलिमीटर. १:४८ हे नौदलाच्या आराखड्यांचे स्वतःचे प्रमाण असल्याने त्याचा मोह होता, परंतु त्या प्रमाणात नुसता गनडेक साडेनऊशे मिलिमीटरच्या वर जातो आणि आमच्या घरात तेवढी पेटी ठेवायला भिंत उरलेली नाही. १:९६ मध्ये एक इंच पाव मिलिमीटरइतका होतो, आणि तिथे लाकूडकाम संपून नुसते सूचन सुरू होते. १:६४ मध्ये एक फूट ४.७६ मिलिमीटर आणि एक इंच ०.४ मिलिमीटर. हे दोन आकडे कामाच्या टेबलासमोर चिकटवले आहेत.

२३ एप्रिल २०२३

आराखडे छापून आले. मूळ रेखाटने १:४८ ची असल्याने ७५ टक्के आकारात छापली की १:६४ मिळते. हिशेब सोपा आहे, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद लांबीत आणि उंचीत सारखा आकसत नाही. त्यामुळे छापील प्रतीवर कण्याच्या (जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईच्या) दिशेने आणि उभ्या दिशेने अशी दोन स्वतंत्र मोजमापे घेतली, दोन्हींची ज्ञात मापांशी तुलना केली, उंचीत किंचित कमी भरत होते तेवढे संगणकावर ताणले आणि पुन्हा छापले. ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनी नुसती मोजपट्टी जुळली म्हणून समाधान मानू नये. ती एकाच दिशेची साक्ष देते.

या आराखड्यांचा प्रवास जहाजाइतकाच रंजक आहे. ‘ट्रिंकोमली’ ज्या ‘लेडा’ वर्गातली, त्या वर्गाची ठेवण ‘हेबे’ नावाच्या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेली आहे. झाक-नोएल साने यांनी रचलेली ही फ्रिगेट ब्रिटिशांनी १७८२ मध्ये पकडली, तिची मापे घेतली आणि त्या ठेवणीवर पुढे आपल्याच नौदलासाठी फ्रिगेटींची मालिका काढली. मुंबईसाठी मागणी ऑक्टोबर १८१२ मध्ये नोंदवली गेली आणि आराखडे ‘जावा’ या जहाजातून रवाना झाले. डिसेंबरच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला, जहाज नष्ट झाले आणि आराखडेही गेले. दुसरी प्रत येऊन प्रत्यक्ष कणा बसेपर्यंत १८१६ चा एप्रिल उजाडला. छपाईवाल्याकडून एक प्रत जादा घेऊन ठेवण्याची सावधगिरी मी का बाळगली, हे यावरून वाचणाऱ्याला कळावे.

१४ मे २०२३

लाकडाचा प्रश्न. या जहाजाची सारी कीर्ती सागवानाची आहे. मलबारचा साग मुंबईत उतरत असे आणि ओक लाकडाच्या तुलनेत तो दोन बाबतींत सरस ठरला: एक, त्यातील नैसर्गिक तेलामुळे तो सहजी कुजत नाही, दोन, ओकमधील टॅनिक आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, तसे साग खात नाही. दोन शतकांनंतर हे जहाज तरंगते आहे त्याचे मोठे श्रेय या लाकडाला जाते. तेव्हा प्रतिकृतीही सागाचीच असावी असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते, परंतु लाकूड हातात घेतल्यावर गणित बदलते.

सागाची रंध्रे मोठी असतात आणि ती वाढीच्या वलयांत रांगेने बसतात. खऱ्या फळीवर ती दिसत नाहीत, कारण आपण फळीकडे दुरून पाहतो, पण ०.६ मिलिमीटर जाड आणि ५ मिलिमीटर रुंद पट्टीवर तेच रंध्र भेगेसारखे दिसते. प्रतिकृतीतले चार मिलिमीटरचे रंध्र म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ दहा इंचांची चीर झाली. लाकूड प्रमाणात लहान करता येते, त्याचा पोत करता येत नाही. हा या छंदातला सर्वात जुना तिढा आहे, आणि म्हणूनच युरोपात या कामासाठी बॉक्सवूड आणि पेअर यांसारखी घट्ट, सूक्ष्म पोताची लाकडे वापरली जातात.

आपल्याकडे त्या जातीचे लाकूड आहे, फक्त त्याकडे कोणी या दृष्टीने पाहत नाही. हेद, ज्याला लाकूडबाजारात हळदू म्हणतात, पिवळसर, एकसारख्या पोताचे आणि कातकामाला उत्तम असते. त्याच्या फण्या, मोजपट्ट्या आणि गिरण्यांसाठी बॉबिन पूर्वापार होत आले आहेत. रे रोडच्या वखारींमध्ये चौकशी केली तेव्हा आधी शिवण दाखवण्यात आले, मग हळदूचे दोन ओंडके निघाले. शिवणही हलके आणि कामाला सोपे आहे, पण त्याची कडा तीक्ष्ण राहत नाही. हळदूवर पटाशी चालवून पाहिली. आडव्या धाग्यावरही कड चुरगळत नाही. बाहेरच्या फळ्या हळदूच्या होतील.

कणा, नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, मुख्य खांब आणि पिछाडीचा खांब मात्र सागाचेच. त्यासाठी पाडलेल्या जुन्या घराच्या दाराची चौकट मिळवली आहे. सावकाश वाढलेल्या जुन्या सागाची वलये इतकी जवळजवळ असतात की लांबीच्या दिशेने कापल्यास रंध्रांच्या रेषा कण्याच्या रेषेतच विरून जातात. काळ्या रंगाच्या जाड पट्ट्यासाठी, म्हणजे वेलसाठी, शिसवी ठेवले आहे. रंग देण्याऐवजी रंगाचे लाकूड वापरायचे, हा नियम शक्य तिथे पाळणार.

२८ मे २०२३

आतल्या सांगाड्याचा मधला उभा फलक ६ मिलिमीटर बर्च प्लायवूडचा कापला. आडव्या चौकटी सुमारे ४० मिलिमीटर अंतरावर, नाळेकडे आणि पिछाडीकडे अधिक दाट. येथे एक बाब तपशिलाने लिहिणे आवश्यक आहे. आराखड्यावरील चौकटींच्या रेषा जहाजाच्या बरगड्यांच्या बाहेरील पृष्ठभागाच्या असतात, फळ्यांच्या बाहेरील नव्हेत. तळाच्या फळीची जाडी साडेतीन इंच धरली तर ती प्रतिकृतीत १.४ मिलिमीटर होते. माझे दोन थर मिळून २.१ मिलिमीटर होणार आहेत. म्हणजे मध्यभागी प्रत्येक चौकट ०.७ मिलिमीटरने आत घ्यायला हवी. नाळेजवळ मात्र फळी चौकटीला तिरकी भेटते, त्यामुळे तिथे त्याच २.१ मिलिमीटर जाडीची चौकटीच्या पातळीतली रुंदी जास्त भरते आणि वजावटही जास्त करावी लागते. एकच आकडा सगळीकडे वजा केला तर नाळ फुगीर होते, आणि ‘लेडा’ वर्गाची नाळ फुगीर झाली की फ्रेंच वळण संपले.

सागाचा कणा तीन तुकड्यांचा, तिरक्या सांध्यांनी जोडलेला. मूळ जहाजाचा कणा २५ एप्रिल १८१६ रोजी बसवला गेला, तेव्हा पारशी प्रथेप्रमाणे कोरीव चांदीचा खिळा त्यात ठोकण्यात आला होता. मधल्या सांध्यात पितळी तारेऐवजी चांदीची तार घातली. ती कोणालाही दिसणार नाही, सोनाराने मात्र एवढ्याशा तुकड्याचे काय करणार हे तीनदा विचारले.

२ जुलै २०२३

पाऊस स्थिरावला. बाहेरच्या फळ्यांचे काम ऑक्टोबरपर्यंत काढायचे नाही असे ठरवले आहे. युरोपातील मार्गदर्शक लेखनात या मुद्द्याला फारशी जागा मिळत नाही, कारण तिथले कारागीर उबदार, कोरड्या खोलीत काम करतात. कोकणपट्टीत जुलैमध्ये कापलेली पट्टी ओल पिऊन रुंदावलेली असते. लाकूड धाग्याच्या दिशेने फारसे हलत नाही, पण आडवे हलते, आणि जहाजाच्या कुशीवर एकाखाली एक वीस-पंचवीस पट्ट्या चिकटवल्या की प्रत्येकीची केसभर हालचाल एकत्र होऊन दिसू लागते. पावसाळ्यात घट्ट बसवलेले सांधे जानेवारीच्या कोरड्या हवेत उघडतात. उलट कोरड्या दिवसांत बसवलेले सांधे पावसाळ्यात एकमेकांवर दाबले जातात. हा दोष कमी दृश्य आहे. हळदूच्या पट्ट्या कापून, सुटी गठ्ठी बांधून कपाटात एका बल्बच्या उबेवर ठेवल्या आहेत.

मधल्या काळात छोटी कामे. डेकवरील जाळ्या, शिड्या, पाण्याच्या पंपाची खोकी, दुहेरी सुकाणू-चक्र. तोफांचे काम मात्र स्थगित ठेवतो. आराखड्याप्रमाणे मुख्य डेकवर २८ अठरा-पौंडी (अठरा पौंडांचा गोळा डागणाऱ्या) तोफा, म्हणजे दोन्ही बाजूंना चौदा-चौदा तोफखिडक्या. खिडक्या तर करायच्याच, पण त्यांतून तोफा डोकावणार की नाही हे प्रतिकृतीच्या नेमक्या दिवसावर अवलंबून आहे.

२२ ऑक्टोबर २०२३

हवा कोरडी झाली. चौकटींच्या कडा लवचिक पट्टी टेकवत तासून घेतल्या. पट्टी प्रत्येक चौकटीला पूर्ण रुंदीने भेटली पाहिजे. नुसत्या कोपऱ्यावर टेकत असेल तर तिथे तासायचे, आणि एखाद्या चौकटीला न टेकता हवेत राहत असेल तर तिथे फळी चिकटवून भर घालायची. नाळेजवळच्या पोकळ्यांत बाल्साचे ठोकळे भरून आकार दिला. पहिला थर १.५ मिलिमीटर शिवणाचा. तो झाकला जाणार असल्याने त्याच्या सौंदर्याची चिंता नाही, पण गोलाईची आहे. पांढरा डिंक आणि टाचण्या. टाचण्या काढून पॉलिश पेपर मारल्यावर डोळे मिटून तळवा फिरवला. खड्डे हाताला आधी कळतात.

१७ डिसेंबर २०२३

दुसरा थर. सगळ्या कामातला हाच भाग मला सर्वांत जास्त आवडतो, त्यामुळे नोंद लांबली तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

जहाजाची कुशी मध्यभागी रुंद असते, नाळेकडे परीघ कमी होतो आणि पिछाडीला, सुकाणूजवळ, पुन्हा वाढतो. एकाच रुंदीच्या पट्ट्या लावत गेले तर नाळेवर त्या एकमेकींवर चढतात आणि पिछाडीला फटी उरतात. म्हणून प्रत्येक चौकटीवर वेलच्या खालच्या कडेपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी लावून परीघ मोजला, त्याचे चार पट्टे पाडले, त्या रेषांवर तात्पुरत्या पातळ काठ्या टाचल्या आणि लांबून, वेगवेगळ्या कोनांतून त्या ओळींकडे पाहिले. आकडे बरोबर असूनही एखादी ओळ डोळ्यांना खुपत असेल तर तीच चूक मानायची. दुसऱ्या पट्ट्याची रेषा नाळेजवळ किंचित वर घेतली, तेव्हा ती नीट वाहू लागली.

मग प्रत्येक पट्ट्यातील फळ्यांची रुंदी त्या त्या चौकटीवर भागाकाराने काढली. मध्यभागी जेमतेम पाच मिलिमीटरची फळी नाळेवर तीन मिलिमीटरपर्यंत निमुळती होते. त्याहून निमुळती होऊ लागली की फळी टोकदार न करता शेजारच्या फळीत खाच घेऊन तिला संपवायचे. खिळा बसायला टोकाला रुंदी लागते, हे त्यामागचे कारण. प्रतिकृतीत खिळा नाही, पण त्या खिळ्याने ठरवलेला आकार हवा. पिछाडीला उलटे, तिथे जादा फळी घुसवावी लागते. मूळ कारागीर फळी मुळातच वक्र कापत असत. मी ती गरम पाण्यात भिजवून, कडेने वाकवून, इस्त्रीखाली वाळवतो. हळदू कडेने वाकायला नाखूष असते, मात्र एकदा वाळले की घेतलेला आकार सोडत नाही.

फळीची लांबी २४ फुटांपर्यंत धरली आहे, म्हणजे ११४ मिलिमीटर. दोन फळ्यांचा जोड एकाच बरगडीवर पुन्हा यायचा असेल तर मधे किमान तीन अखंड फळ्या हव्यात, हा जहाजबांधणीचा नियम पाळला. बारकाईने पाहणाऱ्याला जोडांची ही जिन्यासारखी चढण दिसेल. लाकडी खुंट्या दाखवायच्या का, यावर बरेच मतभेद असतात. दीड इंचाची खुंटी या प्रमाणात ०.६ मिलिमीटर होते, आणि हळदूवर गडद ठिपका उमटला की जहाजाला देवी आल्यासारखे दिसते. खुंट्या नाहीत.

तांब्याचा पत्राही नाही. चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद पत्रे या प्रमाणात १९ गुणिले ५.६ मिलिमीटर होतात. तसे कापून, एका ठोकळ्यावर लावूनही पाहिले, आणि दिसायला ते देखणे आहेत. परंतु पाण्याखालचा भाग तांब्याने झाकला की वर लिहिलेले सारे काम त्याखाली गेले. मुंबईच्या सुतारांची करामत फळ्यांत आहे. पत्रा कोणत्याही गोदीत तसाच बसतो.

४ फेब्रुवारी २०२४

पिछाडी. इथे छायाचित्रांपासून दूर राहण्याचा पहिल्या नोंदीतला निर्णय खऱ्या अर्थाने लागू झाला. हार्टलपूलमधील जहाजाची पिछाडी लंबगोलाकार आहे. ती १८४५ नंतरच्या फेरफाराची. १८१७ ची पिछाडी सपाट, खिडक्यांची एक रांग आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या सज्जांसारख्या कक्षिका असलेली. या सपाट पिछाडीवर त्या काळी टीका होत असे, कारण मागून आलेला तोफगोळा खिडक्यांतून शिरून डेकची संपूर्ण लांबी पार करत जाई. गोलाकार पिछाडी पुढे येण्यामागे हेही एक कारण होते. सौंदर्याचे म्हणाल तर माझे मत जुन्या पिछाडीच्या बाजूचे आहे.

खिडक्यांच्या चौकटी हळदूच्याच, गजांची जाडी अर्धा मिलिमीटर. काच म्हणून पातळ अभ्रक वापरले. ॲक्रिलिकपेक्षा ते किंचित धूसर दिसते आणि वर्षानुवर्षे पिवळे पडत नाही. नाळेवरील पुतळा पगडी घातलेल्या पुरुषाचा आहे. तो या आकारात अंगठ्याच्या पेराएवढा होतो. चेहऱ्यापेक्षा पगडीचे पीळ कोरायला अधिक वेळ गेला.

१७ मार्च २०२४

दोरखंडांचा तक्ता पूर्ण केला. जुन्या तक्त्यांत दोराचे माप परिघात दिलेले असते, व्यासात नव्हे. नऊ इंच घेराचा दोर म्हणजे सुमारे २.९ इंच व्यासाचा, प्रतिकृतीत १.१४ मिलिमीटरचा. सुती दोरा ओल धरून आखडतो आणि मग सुटतो, म्हणून पॉलिस्टरच्या धाग्यांना तीन पेडी पीळ देऊन नमुने तयार केले. पीळ चांगला बसला.

नमुने पाहायला नौदलातून निवृत्त झालेले एक परिचित गृहस्थ आले होते. त्यांनी दोर बोटांत फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारले, “तुमची प्रतिकृती कोणत्या दिवसाची म्हणालात?” मी तारीख सांगितली. “मग त्या दिवशी डोलकाठ्या होत्या का?”

मुद्दा बिनतोड होता. त्या काळी जहाज पाण्यात उतरे ते नुसत्या अंगाने. डोलकाठ्या, दोरखंड, शिडे आणि तोफा हे सारे नंतर चढत असे. पूर्ण शिडांसह दाखवायचे तर १८१८-१९ चा पोर्ट्समथपर्यंतचा प्रवास निवडावा लागेल. तिथे ३० एप्रिल १८१९ रोजी पोहोचल्यावर जहाज राखीव ठेवले गेले आणि वर छप्पर घालून पाव शतक तसेच उभे राहिले. दुसरा पर्याय म्हणजे तारखेशी प्रामाणिक राहणे. डोलकाठ्यांशिवाय जहाजाची प्रतिकृती अपुरी दिसते असे पाहुण्यांना वाटते, हे मान्य. पण सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लिश नौदलाच्या कित्येक उत्कृष्ट प्रतिकृती नुसत्या अंगाच्याच आहेत, आणि डोळा दोरखंडांच्या जाळ्यात न अडकता जहाजाच्या वळणावर जातो तो त्यांच्यातच.

डोलकाठ्या नाहीत. तोफाही नाहीत, खिडक्या उघड्या, झडपा वर बांधलेल्या. दोरांचे नमुने पुढच्या जहाजासाठी लेबले लावून ठेवले.

५ मे २०२४

डोलकाठ्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या तरी डेक बोडका राहणार नाही. जलावतरणाच्या दिवशी त्या जागांवर तात्पुरत्या काठ्या उभ्या करून मोठे ध्वज लावण्याची रीत होती, आणि त्या काळच्या चित्रांत जहाजापेक्षा ध्वजच मोठे वाटतात. युनियन ध्वज १८०१ नंतरच्या रचनेचा, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या तिरक्या लाल फुलीसह, हवा. तयार मिळणाऱ्या ‘ऐतिहासिक’ संचांत बहुतेक वेळा त्याआधीचा असतो. ध्वज रेशमी कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवले आणि ओलसर असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून चुण्या पाडल्या.

रंग फार थोडा. वेलचे शिसवी काळेच आहे. तोफखिडक्यांच्या पट्ट्यासाठी ट्रफाल्गरच्या लढाईच्या (१८०५) काळातला पिवळट गेरू घ्यावा की नंतर रूढ झालेला पांढरा, हा वाद हळदूने मिटवला. लाकूड स्वतःच फिकट पिवळे आहे, तसेच ठेवले. वर शेलॅकचे पातळ हात, शेवटचा हात बारीक स्टील वूलने मंद केलेला. हळदू प्रकाशात काही वर्षांत तपकिरीकडे झुकते, तेव्हा पट्टा आणि वेल यांतला फरक आज दिसतो तितका राहणार नाही. पेटी खिडकीसमोर न ठेवणे एवढाच उपाय.

उरलेले काम: सागाचे पाळणे, पेटीच्या तळाशी सिलिका जेलसाठी कप्पा, आणि नावाची पट्टी. पट्टीवर जहाजाचे नाव, ‘मुंबई, १२ ऑक्टोबर १८१७’ आणि जमशेटजी बमनजी वाडिया हे नाव येईल. प्रतिकृती करणाऱ्याचे नाव कण्याच्या खालच्या बाजूस पेन्सिलीने लिहिले आहे.